रेघेखालचा ठिपका

मामीचा फोन आला तेव्हा मी एका मुलीचा ग्राफ पेपर खिडकीच्या उजेडात धरून पाहत होते. संध्याकाळचे चार-साडेचार झाले असतील. टेबलावर प्रॅक्टिकलच्या जर्नल्सचा ढीग, बाहेर कडुनिंबाखाली पोरांचा गलका, आणि मी एक डोळा बारीक करून त्या कागदावर कुठे काही खोडलंय का ते शोधत होते. ही सवय मला अलीकडची, जेमतेम दोन महिन्यांची. का लागली ते पुढे येईलच. मामी फोनवर एवढंच म्हणाली, "उजू, तुहा मामा गेला वं... दुपारचा झोपला होता. मी चहा घेऊन गेली तं..." पुढे तिला बोलवेना. मी "आलेच" म्हटलं, फोन ठेवला, आणि का कोण जाणे, तो कागद पुन्हा एकदा उजेडात धरला. एक ठिपका खोडलेला होता त्यावर. रबराने कागद जरासा खरवडला गेला होता आणि पेन्सिलीच्या टोकाचा खळगा तेवढा मागे राहिला होता. त्या खळग्याकडे बघतच मला रडू आलं. ती मुलगी समोर असती तर बिचारी घाबरली असती.

याला आता पाच आठवडे झाले. देवरावमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. सावनेरजवळच्या एका खेड्यात कापूस पिकवणाऱ्या घरातला, घरातला पहिला कॉलेजात गेलेला, आणि नागपूरच्या एका जुन्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं लॅब असिस्टंट. नावापुढे पदवी नाही, बी.एस्सी. त्याची राहून गेली. त्याच्या जाण्याची बातमी कुठे छापून आली नाही, यायचं कारणही नव्हतं. पण त्या लॅबमधून शिकून गेलेले लोक विदर्भात गावोगावी आहेत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहेत, शाळा-कॉलेजांत आहेत, काही परदेशात आहेत. त्या सगळ्यांनी त्याने पुसून ठेवलेली भिंगं डोळ्याला लावली आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर माणूस आठवणार नाही कदाचित, पण फळा नक्की आठवेल.

फळा म्हणजे लॅबच्या दर्शनी भिंतीवरचा काळा लाकडी बोर्ड. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने मामाने स्वतःच्या हाताने स्थिरांक लिहिले होते. प्रकाशाचा वेग. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार. गुरुत्वाकर्षणाचा मोठा जी. आणि एच... प्रकाश ज्या बारीक बारीक पुडक्यांनी येतो, त्या पुडक्यांचं माप ज्याच्यावरून निघतं तो आकडा. दशांश चिन्हापुढे तेहतीस शून्यं आणि मग सहा, सहा, दोन, सहा. प्रत्येक आकड्याच्या शेवटी कंसात आणखी दोन लहान आकडे असायचे. तो कंस म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांनी हात जोडून दिलेली कबुली, की बाबांनो, इथपर्यंत आमची खात्री आहे, शेवटच्या घरात मात्र इतकं इकडेतिकडे होऊ शकतं. काही वर्षांनी कोणीतरी आणखी नेमकं मोजायचं, वाचनालयात नवा तक्ता यायचा, आणि मामा स्टुलावर चढून बारीक ब्रशने शेवटचे आकडे बदलायचा. त्यामुळे त्या फळ्यावर शेवटचे आकडे नेहमी बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरे दिसायचे. मुलांना त्याची गरज नव्हती. गणितात सगळे सहा पूर्णांक सहा धरतात, आणि तेवढ्यावर भागतं. मी एकदा त्याला म्हटलंसुद्धा, "मामा, आठवा आकडा कोण बघतं?" ब्रशवरून नजर न काढता तो म्हणाला, "मी पायतो ना."

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आई मला त्याच्याबरोबर लॅबमध्ये धाडायची. घरात माझा त्रास नको म्हणून, हे मला मोठेपणी कळलं. बाहेर डोकं भाजून काढणारं ऊन, आणि आत उंच छताखाली थंडगार, ओल्या खसाचा वास आणि कूलरची घरघर. एका कोपऱ्यात काळा पडदा लावून फोटोसेलच्या प्रयोगाची जागा केलेली होती. पडद्याआड गेलं की जग बंद. मामा लाकडी पेटी उघडायचा. त्यात मखमलीवर चार काचा, लहान चौकटीत बसवलेल्या. लाल, पिवळी, हिरवी, निळी. दिवा लावून तो एकेक काच मधे धरायचा आणि माझ्या तळहातावर रंग पडायचा. तळहात लाल, मग पिवळा, मग हिरवा... निळा आला की मी हात मिटून घ्यायचे. मुठीत रंग राहील असं वाटायचं. पण मूठ मिटली की तो माझ्या बोटांवर, बाहेरच असायचा. या खेळात किती दुपारी गेल्या कोण जाणे. मला आठवतात त्या सगळ्या मिळून एकच लांब दुपार झाल्या आहेत, आणि तिच्यात मामा अजूनही दिव्यापाशी बसलेला आहे. निळी काच धरताना तो नेहमी एक क्षण थांबायचा, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

गावाला जातानाची एक संध्याकाळ अशीच मनात राहिली आहे. एस.टी.च्या खिडकीशी मी, शेजारी मामा. खापरखेड्याच्या चिमण्यांचा धूर लांब आभाळात आडवा पसरलेला, आणि तिन्हीसांजेला कामगारांच्या वसाहतीत एकेक दिवा लागत होता. मी विचारलं, तो तिकडचा दिवा इतक्या लांबून आपल्याला कसा दिसतो? मामाने खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे गणित मांडलं. बल्ब शंभर वॉटचा धर. त्यातला उजेड किती, बाकी तर नुसती आंच. अंतर दोन किलोमीटर. डोळ्याची बाहुली एवढीशी. मग एच आला, प्रकाशाचा वेग आला, आणि गाडी खड्ड्यांतून उसळत असताना त्याने उत्तर काढलं. "पाय, त्या दिव्यातून दर सेकंदाले ऐंशी-नव्वद लाख पुडके तुह्या डोळ्यात येऊन राहिले." मी डोळे मिटून घेतले. इतकं सगळं आत येतंय म्हटल्यावर भीतीच वाटली. तो हसला. "घाबरू नको वं. हे आकडे आपले आहेत. सावनेरच्या खदानीत खाली उतर, नाहीतर त्या चांदणीवर जा, एच तोच राहते. माणूस बदलते, जागा बदलते, तो नाही बदलत." पुढे मी त्या विषयात एम.एस्सी. केलं, पंचवीस वर्षं शिकवलं, पण त्या एका तिकिटावर मला जेवढं भौतिकशास्त्र कळलं तेवढं नंतर कधी कळलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

घरात मात्र मामाची ओळख हेकट अशी. बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांशी वाद घातला आणि नापास झाला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या वाट्याला तोच प्रयोग आला होता, फोटोसेलचा. प्रयोग सोपा आहे. वेगवेगळ्या रंगाचा उजेड धातूवर पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. निळ्यात जोरात, लालमध्ये कसेबसे. त्यांना अडवायला किती व्होल्ट लागले ते एकेका रंगासाठी मोजायचं आणि ग्राफ पेपरवर चार ठिपके द्यायचे. चारही ठिपक्यांतून एक सरळ रेघ जाते, आणि तिच्या चढावरून एच काढता येतो. मामाचे तीन ठिपके रेघेवर आले. निळा खाली राहिला. परीक्षक म्हणाले, रीडिंग चुकलं, पुन्हा घे. त्याने पुन्हा घेतलं, ठिपका तिथेच. फळा तेव्हाही होता, फक्त आकडे खडूने लिहिलेले. परीक्षक म्हणाले, अरे, उत्तर समोर फळ्यावर लिहिलेलं आहे. मामा म्हणाला, "सर, फळ्यावर आहे ते खरंच आहे. पण माझा ठिपका इथंच येते." नापास. आजोबांनी त्याला पुन्हा बसायला सांगितलं, आईने विनवण्या केल्या. तो म्हणाला, पुन्हा बसलो तरी ठिपका तिथंच येईन, मग काय हलवू त्याले? त्याच वर्षी त्या कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघाली आणि हा पठ्ठ्या जाऊन तिथेच चिकटला. आई कायम म्हणायची, एका ठिपक्यापायी आयुष्य घालवलं माझ्या भावाने.

मीही त्याच कॉलेजात शिकले. शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला फोटोसेल निघाला. मामा त्या दिवशी लॅबच्या दारात उभा होता. पांढरा शर्ट, खिशावर हात, हलत नव्हता. मला वाटलं, भाचीला धीर द्यायला उभा आहे. मी काळ्या पडद्याआड गेले. लहानपणापासूनचा माझा कोपरा, त्याच काचा. लाल, पिवळा, हिरवा असे ठिपके देत गेले. मग निळा... तो रेघेच्या खाली आला. चांगला ठसठशीत खाली. मी पुन्हा रीडिंग घेतलं, तेवढंच. मान वर केली तर समोर फळा, मामाच्या अक्षरातला एच. मी पाच मिनिटं तरी त्या ठिपक्याकडे बघत बसले असेन. मग रबर घेतलं. ठिपका खोडला, वर रेघेवर नेऊन ठेवला, तक्त्यातले व्होल्ट त्याला जुळतील असे बदलले. एच आला सहा पूर्णांक सहा. परीक्षकांनी मान डोलावली. ज्या जागेवर मामा नापास झाला होता त्याच जागेवर मला पैकीच्या पैकी मिळाले.

बाहेर आले तर तो अजून दारातच. "किती आला वं एच?" मी हसत म्हटलं, "सहा पूर्णांक सहा!" त्याने मग खिशावरचा हात खाली घेतला आणि म्हणाला, "बरं झालं. जा, घरी जा, उन्हाचं थांबू नको." एवढंच. तो रागावला नाही. पेढे घेऊन मी घरी गेले तेव्हा त्याने दोन खाल्ले. पण तो दारात उभा असलेला आणि खिशावरून खाली येणारा त्याचा हात... ते मी विसरू शकले नाही. माझं मन मला खात होतं. याने ठिपक्यासाठी पदवी सोडली आणि मी पदवीसाठी ठिपका हलवला, हे त्याला कळलं असेल का, तो मला काय समजत असेल, हा एक प्रश्न मी तीसेक वर्षं बाळगला. विचारायची हिंमत कधी झाली नाही. दिवाळीला गेले, राखीला आईबरोबर गेले, त्याच्या पायरीवर बसून शंभर विषय बोलले, तो एक सोडून. आणि इकडे वर्गात मी काय करत होते? मुलांच्या सरळ रेघांना बरोबरच्या खुणा करत होते. चाळीस मुलांचे चाळीस ग्राफ, एकही ठिपका इकडचा तिकडे नाही, आणि मास्तरीणबाई खूश.

मामा निवृत्त झाला त्या वर्षी लॅब नव्याने रंगवली. फळा काढून तिथे छापील फ्लेक्स लावला. काचांची पेटीही मोडीत निघाली. मामाने रजिस्टरवर सही करून दोन वस्तू मागून घेतल्या, फळा आणि निळी काच. हुडकेश्वरच्या त्याच्या घरी पश्चिमेच्या खोलीत फळा टांगला आणि खिडकीच्या गजांमध्ये तारेने ती काच बसवली. लाल, हिरवी का नाही आणली म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "त्याइचं काही काम नव्हतं."

नंतर काही वर्षांनी जगभरच्या मापनशास्त्रज्ञांनी एचची किंमत कायमची ठरवून टाकली, आणि किलोग्रॅमचं मापच त्याच्यावरून ठरवायचं असं केलं. मी धावत ती बातमी मामाला सांगायला गेले. म्हटलं, "मामा, आता एचचा कंस गेला. आकडा पक्का." त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे आता एच मोजायचाच नाही?" मी म्हटलं, "मोजायचा ना. पण आता उत्तर वेगळं आलं तर एच चुकला असं कोणालेच म्हणता येणार नाही. एक तर यंत्र चुकलं, नाहीतर आपण." हे ऐकून मामा जो हसत सुटला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अवं, मी तं हेच करून राहिलो होतो इतके वर्षं!" मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा. त्याने काळा रंग आणून एचपुढचा कंस मिटवला. प्रकाशाच्या वेगापुढचा त्याने कित्येक वर्षांपूर्वीच मिटवला होता. मोठ्या जीपाशी आल्यावर मात्र ब्रश ठेवून दिला. जी अजून नीट कोणालाच मोजता आलेला नाही. "याचा कंस राहू दे," तो म्हणाला, "याले अजून वेळ आहे." मग आम्ही त्या फळ्यासमोर बसून चहा घेतला. खिडकीतून निळा उजेड आत आला होता आणि मामा त्याच्याकडे बघत होता. बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं... मीही विचारलं नाही.

दोन महिन्यांमागे... म्हणजे तो जायच्या दोन महिने आधी, त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. हृदयाचं दुखणं. मी कॉलेज सुटलं की जायचे. एका दुपारी मामी घरी आंघोळीला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. खिडकीचा हिरवा पडदा उन्हाने पेटल्यासारखा झाला होता आणि सगळी खोली हिरवट दिसत होती. मामा म्हणाला, "आपल्या काळ्या पडद्यामागं बसल्यासारखं वाटते, नाही का?" मी हो म्हटलं. तो मग म्हणाला, "उजू, ते निळी काच चुकीची होती वं."

मला आधी उमगलंच नाही. त्याने थांबत थांबत सांगितलं. नोकरी लागल्या लागल्या पहिल्याच महिन्यात त्याने उलटं गणित केलं. एच खरा धरला आणि आपल्या ठिपक्यावरून निळ्या उजेडाची तरंगलांबी काढली. ती चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळेना. मग तरंगलांबी मोजायच्या स्पेक्ट्रोमीटरवर काच लावून पाहिली. चौकट जुनी, काच दुसरीच. आधीच्या म्हाताऱ्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, फुटली होती बाप्पा, इतवारी बाजारातल्या फोटोफ्रेमवाल्याकडून दुसरी निळी आणून मीच बसवली, निळी ते निळी.

"मग तू काहून नाही सांगतलं कोणाले?"

"सांगतलं ना. हेड सरले सांगतलं. सर म्हणे, देवराव, सगळ्या पोरांचा रिझल्ट तं बरोबर येऊन राहिला, काच खराब कशी राहीन?" मामा हसला, आणि हसताना त्याला धाप लागली. मी पाणी दिलं. "मग मी म्हटलं, असू दे. येईन एखादा पोट्टा. ठिपका जिथं आला तिथंच ठेवीन, आन् परीक्षक त्याले बोलीन. त्या दिवशी आत जायचं आन् सांगायचं, साहेब, पोट्ट्याचं बरोबर आहे, काच चूक आहे. काचेचं खरं माप मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. दरसाल प्रॅक्टिकलले चिठ्ठी खिशात ठेवून दारात उभा राहायचो."

"आला कोणी?"

"नाही वं." तो छताकडे बघत होता. "तीस-पस्तीस वर्षं उभा राहिलो. कोणी आलाच नाही."

"म्हणजे माझ्या परीक्षेच्या दिवशी..."

"होती चिठ्ठी खिशात."

आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं. पण मी ओरडले. म्हटलं, "तू दारात उभा होता आन् मले एक शब्द नाही बोलला? तुही सख्खी भाची होती मी! नुसती मान हलवली असती तरी मी समजली असती!" तो शांतपणे म्हणाला, "परीक्षेत बोलता येते का वं?" मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. गडचिरोली-यवतमाळकडून आलेले लोक डबे उघडून जेवत होते, एक म्हातारी मला पाणी हवं का विचारत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. राग त्याचा नव्हता. त्याने तीस वर्षं एका माणसाची वाट पाहिली, आणि तो माणूस मी होऊ शकले असते. माझ्या हातून ते सहज झालं असतं. नुसतं रबर उचललं नसतं तरी पुरे होतं.

परत आत गेले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. झोपला असं समजून मी खुर्ची ओढली, तर तो तसाच म्हणाला, "तुह्या कागदावर खोडलेलं होतं."

मी खुर्चीत बसले.

"पेपराचे गठ्ठे मीच बांधायचो ना. उजेडात धरला तं दिसला. बाकीच्याइनं आधीच गणित करून सीधा रेघेवर ठेवला होता, खाली कोणी ठेवलाच नाही. तू आधी खाली ठेवला. मग खोडला." त्याने माझा हात चाचपून धरला. "तुले दिसला होता, उजू. मी त्या दिवशी घरी जाऊन मामीले सांगतलं, पोरीले दिसला."

मी म्हटलं, "दिसून काय उपयोग झाला, मामा?" त्याने माझा हात तेवढा धरून ठेवला. पाच वाजता मामी आली, तोपर्यंत तो खरंच झोपला होता. चार दिवसांनी घरी सोडलं. नंतर आम्ही भेटलो, बोललो, पण त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. तेव्हापासून मी मुलांचे ग्राफ उजेडात धरून बघायला लागले. चाळीसांत एखादा खळगा सापडतो, कधी तोही नाही.

तेरावा झाल्यावर कॉलेजात गेले आणि त्या मुलीला बोलावलं, जिचा कागद फोन आला तेव्हा माझ्या हातात होता. म्हटलं, हा ठिपका का खोडलास? तिचा चेहरा पांढरा पडला. "रेघेवर येत नव्हता मॅडम." मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, होता तिथे पुन्हा दे. ती माझ्याकडे, मग कागदाकडे बघत राहिली. मग तो खळगा शोधून तिने हळूच ठिपका दिला. लोलकाचा प्रयोग होता. आम्ही दोघींनी जाऊन तो लोलक पाहिला, दोरा वरच्या हुकात सरकत होता. तिचे मार्क मी कापले नाहीत. ती दारातून जाताना वळून म्हणाली, "मॅडम, मग बाकीच्यांचे रेघेवर कसे आले?" मी म्हटलं, "तेच आता बघायचं आहे."

गेल्या रविवारी हुडकेश्वरला गेले. ऊन तापायला लागलंय, मामीला कूलर बसवायचा होता आणि कूलरची खिडकी नेमकी पश्चिमेची. "काच काढावी लागीन वं," ती म्हणाली, पण ती स्वतः हात लावत नव्हती. खोलीत फळा होता, जीचा कंस तसाच. मामाचा पलंग भिंतीला लावलेला, चादर घडी करून ठेवलेली. आणि पलंगाच्या वर, भिंतीच्या चुन्यावर पेन्सिलीचे ठिपके. मी ते आधी पाहिले होते, पण कधी विचारलं नव्हतं. मामीने सांगितलं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता काचेतून येणारा निळा उजेड भिंतीवर जिथे पडतो, तिथे मामा ठिपका द्यायचा. निवृत्त झाल्यापासून. ढग असले तर तो रविवार मोकळा. शेकडो ठिपके होते. सूर्याबरोबर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकत गेलेले, काही एकमेकांना चिकटलेले, काही वाट चुकल्यासारखे बाजूला. मी जवळ जाऊन, मान तिरपी करून पाहिलं. एकही खोडलेला नव्हता.

"तुले सांगू का," मामी म्हणाली, "ते चिठ्ठी दरसाल धुण्यात जायची. मी शर्ट भिजवायची आन् चिठ्ठीचा लगदा व्हायचा. मग हे दुसरी लिहीत बसायचे. मी म्हणायची, कोणासाठी लिहून राहिले हो? तं म्हणायचे, येईन कोणी."

मी म्हटलं, "मामी, कूलर तिकडच्या खिडकीत बसवू. मी माणूस पाठवते." तिने होकारार्थी मान हलवली. मग उशीखाली हात घालून एक पेन्सिलीचा तुकडा काढला, बोटभर उरलेला, आणि माझ्या हातात दिला. "पाच हप्ते झाले, कोणी लावला नाही."

निळा उजेड भिंतीवर आला होता, लिंबाएवढा. शेवटच्या ठिपक्यापासून बराच दूर, मागच्या वर्षांच्या ठिपक्यांमधल्या कोऱ्या चुन्यावर. मी पेन्सिल टेकवणार तोच मामीने माझं मनगट धरलं. "थांब. अजून दोन मिनिटं आहेत." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आम्ही दोघी पलंगाच्या कडेला उभ्या राहिलो. उजेड कळेल न कळेल असा सरकत होता. पाच वाजले, आणि तो जिथे होता तिथे मी ठिपका दिला.